रीसलिंग : गोडीचा हिशेब

रीसलिंग हे ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातले पांढरे द्राक्ष. त्याची सर्वांत जुनी लेखी नोंद १४३५ सालची, जर्मनीतल्या ऱ्युसेल्सहाइमच्या एका हिशेबात आहे. पुढे वाइन पिणाऱ्यांत दोन तट पडले: रीसलिंग गोड असते म्हणणारे आणि ती गोड नसतेच म्हणणारे. दोघेही खरे बोलतात, त्यामुळे हा वाद मिटण्याची आशा नाही.

रस आंबताना यीस्टने जवळजवळ सगळी साखर फस्त केली की वाइन ड्राय होते. यीस्टला मध्येच आवरले की थोडी गोडी उरते आणि ती ऑफ-ड्राय ठरते. जर्मन कायद्यात ड्रायला ‘ट्रॉकन’ म्हणतात. तिच्यात लिटरमागे ९ ग्रॅमपर्यंत साखर चालते, मात्र आम्ल साखरेहून २ ग्रॅमपेक्षा जास्त कमी असता कामा नये. कायदा क्वचितच जिभेचे ऐकतो. इथे त्याने ऐकले आहे. सरबतात लिंबू सढळ हाताने पिळले की दोन चमचे साखर कुठे गेली ते कळत नाही, तसेच हे. ‘हाल्बट्रॉकन’ म्हणजे अर्धी ड्राय, तिची मर्यादा साधारण १८ ग्रॅम. ‘फाइनहेर्ब’ला मात्र कायद्यात व्याख्याच नाही, गोडीबद्दल काही कबूल न करता बाटली खपवायची ती सोय आहे. ‘काबिनेट’ आणि ‘श्पेटलेझे’ या शब्दांपुढे तर भलेभले हात टेकतात. काढणीच्या वेळी द्राक्ष किती पिकले होते एवढेच ते सांगतात, बाटलीतल्या गोडीविषयी चकार शब्द काढत नाहीत. म्हणून ‘श्पेटलेझे ट्रॉकन’, म्हणजे उशिरा खुडलेल्या द्राक्षांची तरीही ड्राय वाइन, सुखाने नांदते आणि गिऱ्हाईक दुकानातच म्हातारे होते.

चाखताना ड्राय आधी, ऑफ-ड्राय नंतर. क्रम उलटला तर बिचारी ड्राय निव्वळ आंबट लागते. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीची ड्राय रीसलिंग ग्लासात फिकट, किंचित हिरवट दिसते. नाकाला लिंबाची साल जाणवते आणि पहिल्याच घोटाला गालफडे आत ओढली जातात. जाणकार याला ‘ताठ कणा’ म्हणतात. जर्मनीतल्या मोसेल नदीकाठच्या उभ्या, पाटीच्या दगडांच्या उतारांवरची ऑफ-ड्राय सौम्य बोलते: हिरवे सफरचंद, पीच, आधी गोडी आणि पाठोपाठ तिला पुसून टाकणारा आंबटपणा. घोट संपल्यावर तोंड चिकट न होता स्वच्छ राहिले, तर वाइन जमली.

जुन्या रीसलिंगला पेट्रोलचा वास येतो. टीडीएन नावाचे संयुग त्याला कारणीभूत आहे आणि उन्हात तापलेल्या द्राक्षांत त्याची बेगमी जास्त असते. दुसऱ्या कुठल्याही पेयाला असा वास आला असता तर दुकानदाराची धडगत नव्हती. इथे रसिक डोळे मिटून मान डोलावतो आणि जादा पैसे मोजतो.

बाटलीतली गोडी ओळखायची तर लेबलावरचे बाकी सारे सोडून अल्कोहोलचा आकडा पाहावा. तो ८-९ टक्के असेल तर साखर अल्कोहोलात न बदलता शिल्लक आहे, १२ किंवा अधिक असेल तर वाइन बहुधा ड्राय. मधल्या आकड्यांत ऑफ-ड्राय सापडण्याची शक्यता जास्त. मासळीसोबत ड्राय उत्तम. तिखट जेवणासोबत मात्र ऑफ-ड्रायच घ्यावी, कारण जास्त अल्कोहोल तिखटाची आग भडकवते आणि थोडी साखर ती शमवते.