रायपूरचा कानसेन

परदेशी विद्यापीठात जाण्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसलेला, आणि त्यातही श्रवणाच्या विभागापाशी अडलेला तरुण म्हणजे कानसेन. हा प्रकार देशभर आढळतो. पण रायपूरच्या मराठी घरांत, विशेषतः तात्यापारा आणि चौबे कॉलनीच्या आसपास, त्याचे सगळे गुण एके ठिकाणी पाहायला मिळतात. वय बावीस-तेवीस, पदवी बहुधा इंजिनिअरिंगची, गळ्यात हेडफोन आणि चेहऱ्यावर आत्ताच काहीतरी हातचं निसटल्याचा भाव. शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे इंग्रजीचं त्याला भय नसतं. भय असतं ते एकदाच ऐकण्याचं.

परीक्षेची रचनाच तशी आहे. सुमारे ३० मिनिटांचं ध्वनिमुद्रण, भाग ४, प्रश्न ४०, प्रत्येकाला एक गुण, आणि सगळं एकदाच ऐकवलं जातं. कानसेन ज्या घरात वाढतो तिथे कुठलीच गोष्ट एकदा सांगण्याची रीत नसते. ‘जेवायला ये’ हे आई दोनदा मराठीत सांगते, एकदा हिंदीत, आणि मग नुसतं आडनावासकट नाव घेते. मुलगा उठतो तो या चौथ्या हाकेला. ‘अगं, मी ऐकून राहिलो ना!’ असं तो वर म्हणतो, आणि ते खरंही असतं. पहिल्या तीन हाकांना न उठण्याचा इतका रियाज झालेल्या माणसाला पहिल्याच हाकेला उठायला सांगणारी ही परीक्षा आहे.

पहिल्या भागात दोघांचं साधं बोलणं असतं: खोली भाड्याने घेणं, क्लबात नाव नोंदवणं वगैरे. यात नावाचं स्पेलिंग सांगितलं जातं, आणि इथे कानसेन भलताच पटाईत असतो. स्वतःचं मराठी आडनाव, मधल्या ‘एच’सकट, हिंदी मुलखातल्या प्रत्येक खिडकीवर अक्षर अक्षर सांगून त्याचा हात बसलेला असतो. गाडी अडते ती तारखांवर आणि पैशांवर. बोलणारी बाई आधी मंगळवार म्हणते, मग ‘छे, मंगळवारी मला जमायचं नाही, गुरुवारी येते’ म्हणते. कानसेनाने मंगळवार लिहून टाकलेला असतो. वास्तविक गोलबाजारात लहानाचा मोठा झालेल्या मुलाला पहिला सांगितलेला भाव हा भाव नसतो, हे शिकवावं लागू नये. पण बाजारातली अक्कल हेडफोन घातला की बाहेरच राहते.

दुसऱ्या भागात बोलणारा एकटाच असतो, आणि पुष्कळदा नकाशा असतो. ग्रंथालयाच्या उत्तरेला, तळ्याच्या पलीकडे, डावीकडून दुसरी इमारत. रायपुरात पत्ता असा कोणी सांगत नाही. ‘जयस्तंभवर या आणि कोणालाही विचारा’ इथे पत्ता पुरा होतो. विचारायला कोणीच नसलेल्या त्या नकाशावर कानसेन पाहुण्यांना वाहनतळावरून थेट स्वयंपाकघरात नेऊन सोडतो. तिसऱ्या भागात विद्यार्थी आणि प्राध्यापक चर्चा करतात. ते मतभेदाची सुरुवात होकाराने करतात, त्यामुळे ‘हो’ ऐकताच खूण करणारा इथे हमखास फसतो. वाद म्हणजे आवाज चढणं, अशीच त्याची घरची व्याख्या असते. चौथा भाग म्हणजे व्याख्यान, मध्ये विश्रांती नाही, दहा प्रश्न सलग. तेहतिसाव्या प्रश्नाचं उत्तर निसटलं की तो त्याचाच शोक करत बसतो, तेवढ्यात पस्तिसावा निघून जातो.

तयारीची साधनं ठरलेली. केंब्रिजच्या सराव-पुस्तकांच्या झेरॉक्स, मोबाइलवर सव्वापट वेगाने लावलेलं ध्वनिमुद्रण, आणि ‘बीबीसी ऐक’ हा शेजारच्या काकांचा सल्ला. उच्चार ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकन असे अनेक तऱ्हांचे असतात. ऑस्ट्रेलियन माणसाचा ‘एट’ तर ‘आइट’च्या अंगाने जातो. यावर कानसेनाने क्रिकेटचा उपाय काढलेला असतो. नव्या रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर २१ जानेवारी २०२३ रोजी न्यूझीलंड १०८ धावांत गारद झाला आणि १ डिसेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी खेळून गेला. दोन्ही उच्चार घरपोच आले होते. पण मैदानात ऐकू आला तो फक्त रायपूरकरांचा उच्चार.

सरावाची वेळ हा वेगळाच प्रश्न. दिवसा कुकरच्या शिट्ट्या, संध्याकाळी पाहुणे, आणि लग्नसराईत किंवा गणपतीत धुमाल. धुमाल म्हणजे चाकांच्या गाडीवरचे ढोल-ताशे, कीबोर्ड आणि भोंगे. ती गल्लीत शिरली की खिडकीची तावदानं थरथरतात, मग हेडफोन काय करणार? अशात आजी विचारते, ‘एवढी वर्षं आमचं एक अक्षर ऐकलं नाहीस, आता गोऱ्यांचं ऐकायला पैसे भरलेस?’ शुल्क सतरा हजारांच्या पुढे असल्यामुळे या प्रश्नाला उत्तर नसतं.

चुका बहुतेक कानाच्या नसून हाताच्या असतात. अनेकवचनाचा ‘एस’ खाल्ला, गुण गेला. ‘दोनच शब्द’ अशी सूचना असताना तीन लिहिले, गुण गेला. स्पेलिंग चुकलं, तरी तेच. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी १० मिनिटं मिळतात, संगणकावर तपासायला फक्त २. पण कानसेन संगणकच निवडतो, कारण निकाल लवकर लागतो आणि घरात रोज विचारणा असते.

चाळिसांपैकी साधारण तीस उत्तरं बरोबर आली की सात बँड मिळतात. मिळाले की कानसेन गल्लीचा सल्लागार होतो आणि कोणाचंही न ऐकता तासभर बोलतो. साडेपाचवर अडकलेला पीटीई या इंग्रजीच्याच दुसऱ्या परीक्षेकडे वळतो, कारण तिथे तपासणी संगणकाकडे असते आणि संगणकाशी आपलं जमतं, अशी त्याची समजूत असते. बाकी सगळं उत्तम आणि श्रवण तेवढं कमी, असाही एक वर्ग आहे. संगणकावर परीक्षा दिलेली असेल, तर त्याला ६० दिवसांच्या आत तेवढाच एक विभाग पुन्हा देता येतो. घरी ही सोय समजावून सांगायला तो तावातावाने पंधरा मिनिटं घेतो. वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, ‘म्हणजे एटीकेटी लागली म्हण की.’