रक्त आपलं, बिलही आपलंच

गेल्या श्रावणात आमच्या मेहुण्याला डेंग्यू झाला आणि त्याच्या प्लेटलेट्स 28 हजारांवर आल्या, तेव्हा कल्याणच्या खडकपाड्यापासून डोंबिवलीच्या टिळकनगरपर्यंत आमचं अख्खं सासर कामाला लागलं होतं. कुणी पपईची पानं वाटत होतं, कुणी किवी आणत होतं, कुणी रक्तपेढीत ओळख काढत होतं. सासूबाई रोज संध्याकाळी शेजारणींना आकडा सांगायच्या, पूर्वी दहावीचे मार्क सांगायच्या त्याच सुरात. आज बत्तीस, आज अठ्ठेचाळीस. लाखावर गेल्या त्या दिवशी पेढे वाटले. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही डेंग्यू झाला होता. त्याच्या प्लेटलेट्स किती झाल्या, हे कुणी विचारलं नाही.

मार्गशीर्षात त्याच मेहुण्याने त्याच प्लेटलेट्स ठाण्यातल्या एका गारेगार खोलीत नळ्या भरभरून काढून दिल्या आणि त्यांचाच अर्क परत डोक्यात टोचून घ्यायला 8 हजार रुपये मोजले.

झालं असं की दिवाळीच्या तोंडावर त्याचे केस गळायला लागले. उशीवर केस, मोरीच्या जाळीत केस, सासूबाईंच्या चकलीत केस. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर तरुण मंडळी देवदर्शनापेक्षा एकमेकांच्या दर्शनाला जमतात. हा गडी त्या पहाटे उटणं लावून घरात बसून राहिला. वैशाखात लग्न ठरलेलं. मुलीकडच्यांनी पसंती दिली तेव्हा कपाळ चार बोटं होतं, आता सहा बोटं झालं, म्हणजे हा ठरावात बदलच झाला की!

निदान करायला आमचा लोकलचा डबा होताच. एकाने टँकरच्या पाण्याला दोष दिला, दुसऱ्याने एमआयडीसीला. डोंबिवलीत 2014 मध्ये हिरवा पाऊस पडला आणि 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला, त्यापुढे केसांचं काय घेऊन बसलात, असा त्याचा सवाल. तिसऱ्याने कांद्याचा रस सांगितला, चौथ्याने माका आणि वडाच्या पारंब्यांचं तेल. पाचव्याला स्वतःलाच एकही केस नव्हता, म्हणून त्याचं सगळ्यांनी लक्षपूर्वक ऐकलं.

शेवटी मी त्याला आमच्या गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोक्याकडे नीट पाहिलंही नाही. विचारलं, "मोठा ताप कधी आला होता?" श्रावणात, म्हटल्यावर हसले. मोठ्या आजाराचा, बाळंतपणाचा किंवा उपासमारीचा धक्का बसला की पुष्कळसे केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी घाऊक गळतात. मुळं शाबूत असतात, त्यामुळे पुन्हा येतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा गुढीपाडव्यापर्यंत कळ काढ, असं ते म्हणाले. हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉइडच्या तपासण्या लिहून दिल्या आणि 200 रुपये घेतले.

दोनशे रुपयांच्या सल्ल्यावर कोण विश्वास ठेवतो? चिठ्ठीवर ना टकलाचा आधी-नंतरचा फोटो, ना हप्त्यांची सोय. जिना उतरता उतरता मेहुणा म्हणाला, "भावजी, हे डॉक्टर जुन्या काळचे आहेत. आता ग्रोथ फॅक्टरचा जमाना आहे."

ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढायला सांगणारी प्रथिनं; त्यांचा जमाना मात्र बराच जुना आहे. स्टॅन्ली कोहेन या शास्त्रज्ञाने उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचला, तर त्यांचे डोळे वेळेआधी उघडले. त्या अर्कातून पुढे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर सापडला आणि 1986 मध्ये कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना नोबेल मिळालं. ग्रोथ फॅक्टरने डोळे लवकर उघडतात हे तेव्हा सिद्धच झालेलं आहे, पण उंदरांचे. घोडबंदर रोडवरच्या गिऱ्हाइकांवर तो प्रयोग अजून चालू आहे.

तर आम्ही तुलना करायला निघालो. मेहुणा आयटीतला, त्याने आधी तक्ता केला. लग्नाचा बस्ता बांधायला चार दुकानं पालथी घालतात तशी आम्ही ठाणे-डोंबिवलीतली तीन क्लिनिकं पालथी घातली. माझी भूमिका जाणकार सोबत्याची होती, पण प्रत्येक ठिकाणी काउन्सेलर बाईंची नजर मेहुण्यावरून घसरून माझ्या डोक्यावर स्थिरावायची. पडीक जमीन पाहून बिल्डरची व्हावी तशी ती नजर व्हायची.

पहिल्या क्लिनिकात पीआरपी. तुमचंच रक्त काढायचं, नळीत घालून गरगरा फिरवायचं, तांबड्या पेशी खाली बसल्या की वरच्या पिवळ्या द्रवातला प्लेटलेट्सचा दाट भाग डोक्याच्या कातडीत टोचायचा. प्लेटलेट्सच्या पोटात ग्रोथ फॅक्टर असतात, ते आत गेल्यावर सुटतात. जबड्याच्या हाडासाठी हे 1998 च्या सुमारास अमेरिकेत गाजलं, तिथून ते गुडघ्यात उतरलं, तिथून डोक्यात चढलं.

दुसऱ्या क्लिनिकात जीएफसी. तिथे प्लेटलेट्सना नळीतच चिथावतात, त्यांनी पोटातलं सगळं ओकलं की पेशी बाजूला ठेवतात आणि नुसता अर्क टोचतात. मला हे रसवंतीगृहाच्या भाषेत समजलं. पीआरपी म्हणजे ऊसच डोक्यात खुपसायचा, रस आत निघेल. जीएफसी म्हणजे चरकातून रस काढून, चोथा टाकून, गाळलेला ग्लास. आलं-लिंबाचे पैसे वेगळे.

तिसऱ्या क्लिनिकात एक्सोझोम. तिथे तुमच्या उसाला कुणी विचारतच नाही. पेशी एकमेकींना निरोप धाडताना ज्या अतिसूक्ष्म पुड्या सोडतात, त्या म्हणजे एक्सोझोम, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या. त्या येतात दुसऱ्याच कुणाच्या मूळपेशींतून, नाहीतर वनस्पतींतून. बाईंनी गुलाबाच्या एक्सोझोमची बाटली दाखवली. मेहुण्याच्या डोक्याला गुलाबाचा निरोप काय असणार, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर इशारा दिला होता की एकही एक्सोझोम उत्पादन आम्ही मंजूर केलेलं नाही. हे मात्र ओठांवर न थांबता बाहेर पडलं. बाई गोड हसून म्हणाल्या, "म्हणून तर सर, लेबलवर कॉस्मेटिक लिहिलंय." म्हणजे औषध म्हणून विचारलंत तर ते क्रीम, आणि क्रीम म्हणून भाव केलात तर ते औषध.

पीआरपीवाले म्हणाले, जीएफसी म्हणजे नुसतं मार्केटिंग. जीएफसीवाले म्हणाले, पीआरपी आता कोण करतं? एक्सोझोमवाल्यांनी दोघांची कीव केली. एकाच गोष्टीवर तिघांचं एकमत होतं: चार सिटिंग, महिन्याला एक. मी बोटांवर मोजलं. मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. चौथं सिटिंग झालं की पाडवा.

मेहुण्याच्या तक्त्यात भाव, अंतर, पार्किंग आणि गूगलवरचे तारे असे रकाने होते. मी एक रकाना वाढवायला सांगितला: सुई टोचणारं कोण? केसरोपणासारखी कामं नुसतं यूट्यूब पाहून सुरू करता येत नाहीत, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 मध्ये लेखी सांगावं लागलं. लेखी सांगावं लागतं तेव्हा कुणीतरी पाहून केलेलं असतंच. दुसरा रकाना: तुमच्या पीआरपीत प्लेटलेट्स किती पट होतात? रक्त किती फिरवायचं, किती वेळ फिरवायचं, याची जगभर एकच एक रीत नाही, घरोघरी निराळी आमटी. श्रावणात याच मेहुण्याचा आकडा दिवसातून दोनदा मोजला जात होता. इथे पैसे देऊन घेतलेला आकडा विचारला तर रिसेप्शनवरून उत्तर आलं, "सर, आमचं मशीन इंपोर्टेड आहे."

पीआरपी हे निव्वळ थोतांड आहे, असं मी म्हणत नाही. आनुवंशिक टक्कल नुकतं पडू लागलं असेल तर काही अभ्यासांत त्याने केस दाट झालेले दिसले आहेत. काही संशोधकांनी तर अर्ध्या डोक्याला पीआरपी आणि अर्ध्याला नुसतं सलाइन टोचून पाहिलं. खरी तुलना म्हणतात ती ही. मी माझं डोकं याच अटीवर देऊ केलं: डावी बाजू ठाण्याला, उजवी डोंबिवलीला, मधला भांग म्हणजे मुंब्र्याची खाडी. कुणीही तयार झालं नाही. पॅकेज अर्ध्या डोक्याचं नसतं म्हणे.

आमच्या हिने मात्र क्लिनिकात एक योजना हेरली होती: डोक्याचं घेतलं तर चेहऱ्याचं निम्म्या भावात. "अहो, रक्त काढलेलंच असतं, उरलेलं वाया का घालवायचं?" शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या घराला हा हिशेब चटकन पटतो. मी तिला न्यू मेक्सिकोची हकिगत सांगितली. तिथल्या एका विनापरवाना स्पामध्ये असलं 'व्हॅम्पायर फेशियल' करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली, आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने ते प्रसिद्ध केलं. सुई नवी आहे का, नळीवर नाव कुणाचं आहे, हे पाहायला इंपोर्टेड मशीन लागत नाही. ही बेसन आणि दुधावर परतली.

जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काल्वड वगैरे गावांत माणसांचे केस भराभर गळून टकलं पडली, ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा पाणी तपासलं, गहू तपासला, रक्त तपासलं, आयसीएमआरचं पथक आलं. विंचूदंशावरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. तिथे रक्त काढलं ते तपासायला. आमच्याकडे रक्त काढतात आणि न तपासताच डोक्यात घालतात. जुन्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासण्या मेहुण्याने शेवटपर्यंत केल्या नाहीत. 'त्यात कुठे ग्रोथ फॅक्टर येतो?'

टकलावरच्या उपचारांबाबत सरकारचं मत आपल्याकडे दोन ठिकाणी वाचायला मिळतं. 1945 च्या औषध नियमांना परिशिष्ट 'जे' जोडलेलं आहे. त्यातले विकार बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही, आणि त्या यादीत टक्कल आहे. दुसरं ठिकाण म्हणजे जीएसटी. आरोग्यसेवेला तो माफ, पण केसरोपण आणि सौंदर्याच्या शस्त्रक्रिया त्या माफीतून वगळलेल्या. आमच्या क्लिनिकने आपलं बिलही त्याच रांगेत बसवलं. मेहुण्याने शेवटी जीएफसी निवडलं, कारण ते मधल्या भावाचं होतं. आपण मराठी माणसं मिक्सर घेतानाही हेच करतो. चार सिटिंगचे 32 हजार, त्यावर 18 टक्के म्हणजे 5 हजार 760. एकूण 37 हजार 760 रुपये.

मला क्लिनिकवाल्यांनी काय सांगितलं, तेही सांगून टाकतो. माझं टक्कल वडिलोपार्जित, वीस वर्षांचं, तुळतुळीत. नॉरवूडच्या मोजपट्टीवर सात पायऱ्या असतात, मी गच्चीवर पोचलेला आहे. जिथे मुळंच उरली नाहीत तिथे रस ओतून पीक येत नाही, हे पाचवीतल्या मुलालाही कळेल. तरी मलाही तेच पॅकेज देऊ केलं, तीच चार सिटिंग, तोच भाव. मेहुण्याचे केस आपोआप येणार होते आणि माझे कशानेच येणार नव्हते. दर मात्र दोघांना एक. याला समता म्हणतात.

परवा पाडवा झाला. मेहुण्याचे केस आले, अगदी पूर्वीसारखे. फडके रोडवर स्वागतयात्रेत तो मिरवला, अर्थात डोक्यावर फेटा बांधून. वैशाखात बोहल्यावरही फेटाच असणार आहे. क्लिनिकने त्याचा 'नंतर'चा फोटो भिंतीवर लावला, आणि त्याने दोन मित्रांना तिकडे धाडल्यामुळे पुढच्या सिटिंगवर सूट मिळणार आहे. आता कसलं पुढचं सिटिंग, म्हणून मी विचारलं. "मेंटेनन्स, भावजी."

आमच्या वॉचमननेही दिवाळीपासून डोक्यावर कानटोपी घातली होती. डोंबिवलीत थंडी कुठे, म्हणून आम्ही हसायचो. टोपीखाली काय चाललंय हे कुणी पाहिलं नव्हतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याने ती काढली. केस कानावर आले होते, म्हणून स्टेशनजवळ जाऊन कापून आला. 80 रुपये. जीएसटी नाही.