अनुभव, एक नग, जमा

निवृत्त होणाऱ्या माणसाकडून कचेरी काय काय परत घेते, हे ठरलेलं असतं: ओळखपत्र, गणवेश, कपाटाची किल्ली. आमच्या नगरपालिकेने यंदा त्यात एका बाबीची भर घातली आहे. ज्ञान. ते जमा केल्याखेरीज ना-देय दाखला नाही, आणि दाखल्याखेरीज पेन्शनची फाइल जागची हलत नाही.

पालिकेला नावं ठेवू नका. आयएसओ ९००१ या गुणवत्ता-मानकाच्या २०१५ सालच्या आवृत्तीत संस्थेने आपल्याकडचं ज्ञान सांभाळावं असं कलम आलं. २०१८मध्ये तर ज्ञान-व्यवस्थापनासाठी ३०४०१ क्रमांकाचं स्वतंत्र मानकच निघालं. मानक आलं की प्रमाणपत्र आलं, आणि प्रमाणपत्राच्या आधी सल्लागार आला.

त्याच्या तावडीत पहिले सापडले पाणीपुरवठ्यातले चावीवाले अण्णा. पाणी नगरसेवकांमुळे येतं असं फ्लेक्सवर लिहिलेलं असतं. नळाला मात्र ते अण्णांमुळे येतं. छातीइतकी उंच लोखंडी चावी चेंबरात घालायची, आटे मोजत व्हॉल्व्ह उघडायचा, आणि मध्येच थांबून चावीच्या दांड्याला कान लावायचा. सल्लागाराने लॅपटॉप उघडला.

"काका, किती आटे फिरवायचे?"

"मारुतीच्या देवळामागचा नऊ. पण तो झिजलाय, दोन आटे नुसतेच फिरतात. उन्हाळ्यात बेतानं."

"बेतानं म्हणजे किती?"

"आवाज बदलेपर्यंत. घाई केली तर पेठेतला जुना जोड उडतो, साहेब."

प्रपत्रात नोंद झाली: 'आटे – ९. आवाज – होय.' पुढचा रकाना होता, 'सदर ज्ञान कार्यालयीन वेळेत प्राप्त झाले काय?' पाणी पहाटे चारला सुटतं. अण्णांनी खरं ते सांगितलं आणि फाइल आठवडाभर अडकली.

अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या यंत्र-दुरुस्तीवाल्यांमध्ये ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ वावरला. त्याचं पुस्तक १९९६चं. कंपनीने दुरुस्तीची जाडजूड माहितीपुस्तकं दिलेली होती. पण अडलेलं यंत्र सुटायचं ते गड्यांनी एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांमधून, आणि ते किस्से खाता-पिताना रंगायचे. आमच्याकडेही ही सोय होती. पाण्याच्या टाकीखालच्या टपरीवर अण्णा, फिटर आणि दोन हेल्पर सकाळी चहाला बसत. कुठला चेंबर डांबराच्या तिसऱ्या थराखाली गेलाय, कुणी रात्री लाइनीला मोटर लावतंय, सगळं तिथे निघायचं. ज्ञान-संकलन मोहीम सुरू झाली त्याच आठवड्यात बायोमेट्रिक हजेरी बसली आणि टपरी अतिक्रमणात गेली. (टपरीवाल्याकडून कुणी प्रपत्र भरून घेतलं नाही. खरं तर तोच या विभागाचा अभिलेखापाल होता.)

एखादा पोरगा वर्षभर अण्णांच्या हाताखाली दिला असता तर? पद मंजूर नाही. कंत्राटी पोरं आहेत, पण त्यांची ऑर्डर अकरा महिन्यांची. कान तयार होईतो पोरगा बदलतो.

अखेर डेडस्टॉक रजिस्टरात, मोडक्या टेबल-फॅनच्या खाली, नोंद झाली: 'अनुभव, एक नग, सुस्थितीत, जमा.' अण्णांना नारळ, शाल आणि दाखला मिळाला.

आता पहाटे नवा पोरगा त्यांना फोन लावतो आणि मोबाइल चावीच्या दांड्याला टेकवून धरतो. अण्णा अंथरुणातूनच सांगतात, "अर्धा आटा मागे घे." पेठेत पाणी येतं. पोराने रिचार्जचं बिल लावलं, तेव्हा लेखापरीक्षकांनी आक्षेप काढला: ज्ञान भांडारात शिल्लक असताना बाहेरून का घेतलं?