डबलअण्णा

हातकणंगल्यात आमच्या गल्लीत एक पाटी आहे. नावाखाली बी.ए., बी.कॉम., एम.ए. मराठी, एम.ए. इतिहास, एलएल.बी., जी.डी.सी. अँड ए. अशी पदव्यांची उतरंड. दर निकालाला पेंटर येतो आणि अक्षरं बारीक करत नवी पदवी बसवतो. गेल्या खेपेला जागा संपली तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, आता नाव काढूया का?" अण्णांनी खरंच दोन दिवस विचार केला.

गाव त्यांना डबलअण्णा म्हणतं. पतसंस्थेत क्लार्क म्हणून लागले, क्लार्क म्हणूनच निवृत्त झाले. मधल्या काळात परीक्षेचा फॉर्म भरला नाही असं वर्ष क्वचितच गेलं. "कर्मवीर आपल्याच तालुक्यातले, कुंभोजचे. ते म्हणाले कमवा आणि शिका. मी त्यातलं अर्धं तरी पाळलं की," असं सांगतात. कुठलं अर्धं, ते वहिनींना विचारावं.

अण्णांचं खरं दुखणं २०२२ सालचं. त्या एप्रिलात यूजीसीनं जाहीर केलं की एकाच वेळी दोन पदव्या घेता येतील. दोन्ही कॉलेजात बसून करायच्या तर तासांच्या वेळा तेवढ्या एकमेकींवर येऊ नयेत. अण्णा पेपर घेऊन स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाड्यावर आले ते सुतकात असल्यासारखे. "आयुष्यभर एका खिडकीपुढं रांग धरली. आता म्हणं दोन खिडक्या." त्या दिवशी त्यांनी चहा बिनसाखरेचा घेतला.

पुढच्याच महिन्यात परदेशी विद्यापीठांबरोबरच्या पदव्यांचे नियम आले आणि अण्णांना साठीनंतर पुन्हा हुरूप आला. कारण ते नियम तालुक्यात दुसऱ्या कुणी वाचलेलेच नव्हते.

परवा रुकडीचे एक तात्या गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आले. दोन वर्षं इथं, दोन वर्षं परदेशात, पोराच्या हातात दोन डिग्र्या. दोन एकर विकायची तयारी होती.

"बसा तात्या," अण्णा म्हणाले. "यात तीन तऱ्हा. ट्विनिंग म्हणजे लेक बाळंतपणाला माहेरी जाते तसं. थोडे दिवस तिकडं, पण बाळाला नाव सासरचं. पोरगं थोडं परदेशात शिकतंय, डिग्री इथलीच. जॉइंट डिग्री म्हणजे सामाईक सातबारा : कागद एक, नावं दोघांची. आणि ड्युअल म्हणजे रान एकच, उतारे दोन."

"असला उतारा आमच्या तलाठ्यानं दिला तर निलंबित हुईल की!"

"तलाठी हुतोय. विद्यापीठानं दिला तर पोराचा सत्कार हुतोय."

मग अण्णांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून खाकी फाइल काढली. त्या फाइलीत नियमांची प्रत असते, वर वर्तमानपत्राची कात्रणं आणि मध्येच जपून ठेवलेली, पिवळी पडलेली, स्वतःची जुनी हॉल तिकिटं. ड्युअलमधलेही किमान तीस टक्के क्रेडिट इथल्या संस्थेचेच लागतात, या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ. तिथंच तात्यांचा फोन घेऊन त्यांनी एजंटाला लावला.

"तुमच्या कॉलेजला नॅकचे किती? निदान ३.०१ तरी हाय काय? न्हाई? मग देशातल्या पहिल्या शंभर विद्यापीठांत हाय काय? बरं, बाहेरचं विद्यापीठ जगातल्या पहिल्या हजारात? आणि ऑनलाइन असंल तर ह्या नियमात बसतच न्हाई, ठाऊक हाय न्हवं?"

पलीकडून आधी 'सर', मग 'काका', मग नुसता टूं टूं आवाज आला. तात्यांनी माहितीपत्रक भज्यांखाली पसरलं. भज्यांचं तेल मात्र छान टिपलं गेलं.

मला खरं सांगायचं तर अण्णांचा जरा हेवा वाटतो. आम्ही एका पदवीवर पगार घेतला आणि ती कुठल्या ट्रंकेत आहे ते विसरलो. हा माणूस मात्र निकालाच्या आदल्या रात्री अजून झोपत नाही.

यंदा त्यांनी हिशेब चुकता करायचं ठरवलं. एक एम.ए. कॉलेजात, एक दूरशिक्षणाचं. तासांच्या वेळा एकमेकींवर येत नव्हत्या, सगळं नियमात. काल वेळापत्रकं आली : पहिला पेपर दोन्हीकडं एकाच दिवशी, सकाळी अकराला. एक कोल्हापुरात, दुसरा जयसिंगपुरात.

"मग आता?" मी विचारलं.

अण्णांनी दोन्ही हॉल तिकिटं शर्टाच्या एकाच खिशात घातली आणि चहावाल्याकडं वळले. "काय रं, सकाळची मिरजेची आधी येती, का कोल्हापूरची?"