श्री. वेटिंगकर

मोटार असलेला माणूस आणि मोटार बुक केलेला माणूस या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिल्याच्या मागे पेट्रोलचा भाव, सर्व्हिसिंगचं बिल, पार्किंगवरून होणारी भांडणं आणि कुणीतरी दारावर ओढलेली रेघ असा सगळा संसार लागलेला असतो. दुसऱ्याकडे फक्त एक पावती असते आणि तेवढ्यावर तो अत्यंत सुखात असतो. या दुसऱ्या जातीच्या गृहस्थांना आपण श्री. वेटिंगकर म्हणू. ते पुण्यात सिंहगड रोडला राहतात, ठाण्यात घोडबंदरला राहतात आणि नाशकात गंगापूर रोडला राहतात. वय चाळिशीच्या आगेमागे. घरी दहा वर्षांची एक हॅचबॅक, तीही चांगली चालणारी. ती चांगली चालते हे लक्षात असू द्यावं, कारण पुढचं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. "दीड वर्ष झालं बुकिंगला, अजून अलॉटमेंट नाही," हे वेटिंगकर लग्नाच्या पंगतीत सांगतात, लिफ्टमध्ये सांगतात, तेराव्यालासुद्धा सांगतात आणि ऐकणारा हळहळतो. हळहळायचं काही कारण नाही. वेटिंगकरांनी २१ हजार रुपये भरून रांगेतली एक जागा घेतलेली असते. ती त्यांना मिळालेली आहे, ती त्यांना गाडीपेक्षा प्रिय आहे, आणि कंपनीच्या नावाने बोटं मोडणं हा त्या मालकीहक्काचाच उपभोग आहे.

गाड्यांचा तुटवडा खोटा होता असं मात्र मुळीच नाही. २०२० च्या टाळेबंदीत मोटार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. नेमके त्याच वेळी घरोघरी लॅपटॉप आणि टॅब खपू लागले, आणि चिपवाल्यांनी आपला माल तिकडे वळवला. गाड्यांची मागणी अपेक्षेपेक्षा लवकर परतली तेव्हा मोटारवाले रांगेच्या शेपटाला होते. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात थंडीची लाट येऊन वीज गेली आणि तिथले चिपचे कारखाने बंद पडले, मार्चमध्ये जपानमधल्या नाका इथे रेनेसास कंपनीच्या कारखान्याला आग लागली, आणि चिप बनवायला भरपूर पाणी लागतं, तर तैवानात नेमका त्याच वर्षी दुष्काळ पडला. सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांवर येईल असं मारुतीने जाहीर केलं. पुढच्या वर्षी टोयोटाने जपानमध्ये नव्या गाडीबरोबर दोनऐवजी एकच स्मार्ट किल्ली द्यायचं ठरवलं, दुसरी सवडीने. हे सगळं वेटिंगकरांना तोंडपाठ असतं. घरातला मेन स्विच कुठे आहे हे ज्यांना बायकोला विचारावं लागतं, ते सेमीकंडक्टरवर वीस मिनिटं न थांबता बोलतात. खडकवासल्यात किती पाणी आहे याचा पत्ता नसतो, पण तैवानच्या धरणांची पातळी विचारून बघा.

परंतु तुटवड्यावरून गाडी उशिरा का आली एवढंच कळतं. एवढी माणसं त्या रांगेत धावत जाऊन का उभी राहिली, ते कळत नाही. महिंद्राच्या एक्सयूव्ही-७०० चं बुकिंग ७ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं तेव्हा चिपच्या टंचाईच्या बातम्या रोज छापून येत होत्या. गाडी वेळेत मिळणार नाही हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं. तरी ५७ मिनिटांत २५ हजार गाड्या बुक झाल्या. पुढच्या वर्षी ३० जुलैला सकाळी ११ वाजता स्कॉर्पिओ-एनची खिडकी उघडली, तर पहिल्या मिनिटात २५ हजार आणि अर्ध्या तासात १ लाख. एका मिनिटात माणसाचा गाडीचा रंगसुद्धा ठरत नाही. मराठी घरात तर सोफ्याच्या कव्हराचा रंग ठरायला दोन दिवाळ्या जातात. त्या मिनिटात जे घेतलं गेलं तो नंबर होता. यावर कुणी म्हणेल की सुरुवातीची कमी किंमत फक्त पहिल्या २५ हजारांना होती, म्हणून ही घाई. बरोबर आहे. एक्सयूव्ही-७०० ची ११.९९ लाखांपासूनची किंमत त्या पहिल्या तुकडीनंतर लगेच १२.४९ लाखांपासून झाली, आणि ज्यांनी ती संधी साधली त्यांच्या व्यवहारज्ञानाबद्दल मला आदर आहे. पण स्कॉर्पिओच्या रांगेत त्यांच्यामागे अर्ध्या तासात जे आणखी ७५ हजार लोक आले, त्यांचं काय? त्यांच्या फॉर्मवर स्वच्छ लिहिलेलं होतं की डिलिव्हरीच्या दिवशी जी असेल ती किंमत लागू. म्हणजे वस्तू कधी मिळणार ते नक्की नाही आणि कितीला मिळणार तेही नक्की नाही. बिल्डरने फ्लॅट असा विकायला काढला असता तर वेटिंगकर दुसऱ्या दिवशी महारेराच्या दारात दिसले असते.

किंमतवाढीशी त्यांचं वागणं तर अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने वर्गात शिकवावं असं आहे. मारुतीने २०२१ मध्ये जानेवारीत किंमत वाढवली, एप्रिलमध्ये वाढवली, सप्टेंबरमध्ये वाढवली. कारण स्टील आणि बाकीचा कच्चा माल महागला होता. इतर कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. महाराष्ट्रात त्यात आणखी एक गंमत आहे. १० ते २० लाखांच्या डिझेल मोटारीवर रस्ता कर १४ टक्के आणि २० लाखांच्या वर १५ टक्के, त्यामुळे कंपनीने पाच-दहा हजार वाढवले आणि गाडीने उंबरठा ओलांडला की करातच २० हजारांची भर पडते. असा फटका बसला की सामान्य माणूस चिडेल. वेटिंगकर मात्र फोन उचलून मेहुण्याला सांगतात, "बघ, बरं झालं आधीच बुक केली!" आधी बुक केल्याने एक पैसा वाचलेला नाही, वाढीव किंमत त्यांनाही भरायची आहे. पण वाढलेली किंमत त्यांना खर्च वाटतच नाही, ती त्यांना आपल्या पावतीचा वधारलेला भाव वाटते. प्लॉटचे दर वाढले की जो चेहरा होतो, तोच चेहरा इथेही होतो.

या पावतीची निगा कशी राखली जाते ते जवळून पाहण्यासारखं आहे. ती फोनमध्ये असते, बायकोच्या फोनमध्ये असते, आणि छापून लॅमिनेट करून कपाटात सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी असते. गाडी नसते, पण गाडीचे मॅट आलेले असतात. मोबाईलचा होल्डर, मागच्या काचेचे पडदे, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप आणि डॅशबोर्डवर चिकटवायचा गणपती यांचं एक खोकं माळ्यावर असतं. रविवारी सकाळी वेटिंगकर टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरतात, खांबापासून खांबापर्यंतचं अंतर मोजतात, आरसे मिटले तर किती आणि उघडे असले तर किती याची नोंद करतात, आणि वॉचमनला त्या रिकाम्या हवेचं दार कुठल्या बाजूला उघडेल ते दाखवतात. शोरूममधल्या सेल्सच्या पोराशी त्यांचं नातं पूर्वी उपवर मुलीच्या बापाचं मध्यस्थाशी असायचं तसं असतं. रोज सकाळी "गुड मॉर्निंग, काही अपडेट?" आणि रोज संध्याकाळी "सर, बॅकएंडला टाकलंय". त्या पोराच्या हातात काहीही नसतं हे दोघांनाही पक्कं माहीत असतं. गाडी बनते चाकणला. चाकणहून सिंहगड रोडला ती चालत निघाली असती तरी दुसऱ्या दिवशी पोचली असती, पण हा विचार वेटिंगकर मनात येऊ देत नाहीत.

विक्रेत्याला हे सगळं उमगलेलं असतं. अमेरिकेत त्या काळात काही डीलर छापील किमतीवर 'मार्केट ॲडजस्टमेंट' म्हणून वरची रक्कम राजरोस काचेवर चिकटवत होते. आपल्याकडे असं उघड काही चिकटवत नाहीत. आपल्याकडे 'पॅकेज' असतं. मडगार्ड, बॉडी कव्हर, अंडरबॉडी कोटिंग, एक्स्टेंडेड वॉरंटी, आणि विमा आमच्याचकडून. विमा कुठूनही घ्यायची ग्राहकाला मुभा आहे, हे वेटिंगकर ऑफिसात चारजणांना ठणकावून सांगून आलेले असतात. शोरूमच्या काचेच्या टेबलापाशी बसल्यावर ते मुकाट्याने सही करतात. नंबर मागे गेला तर? टोकन बहुधा परत मिळतं, पैशाचं नुकसान जवळजवळ नाहीच, आणि तिथून दोनशे पावलांवर दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये तशीच गाडी दारात उभी असते. ती त्यांना चालत नाही. "लगेच मिळतेय म्हणजे काहीतरी गडबड असणार." एप्रिल २०२३ मध्ये टोयोटाने इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या मॉडेलांचं बुकिंगच थांबवलं, तेव्हा हेच वेटिंगकर त्याच मॉडेलची चौकशी करायला गेले, यात आश्चर्य वाटू नये.

जुन्या पिढीला हे व्यक्तिचित्र अन्यायाचं वाटेल. त्यांनी बजाजच्या चेतकसाठी दहा-दहा वर्षं वाट पाहिली, ती काय हौसेने? अजिबात नाही, आणि म्हणूनच ती माणसं वेटिंगकर नव्हेत. किती स्कूटर बनवायच्या ते तेव्हा सरकारी परवान्यावर ठरे. आकुर्डीच्या कारखान्याला जास्त बनवायची इच्छा असली तरी मोकळीक नव्हती, आणि दुसरीकडे जावं म्हटलं तर तिथेही रांगच. मारुती-८०० साठी लाखाहून अधिक लोकांनी १० हजार रुपये आगाऊ भरले ते गाडी रस्त्यावर यायच्या आधी; पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ ला दिली गेली. त्यांच्यापुढे ॲम्बॅसिडर आणि पद्मिनी सोडली तर पर्याय काय होता? ती रांग पोटासाठीच्या रेशनच्या रांगेची बहीण होती. वेटिंगकरांपुढे डझनभर कंपन्या आणि प्रत्येकीचे दहा-वीस व्हेरिएंट हात जोडून उभे आहेत. त्यांची रांग त्यांनी निवडलेली आहे. वडिलांच्या चेतकची कथा ते हटकून सांगतात, पण त्या कथेतला नाइलाज तेवढा वगळून.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ज्याला गाडी खरोखरच लागते त्याचं काय? टॅक्सीवाला, भाजीचा टेम्पो चालवणारा, आजारी आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेणारा मुलगा. त्यांना या तुटवड्याने खरंच छळलं. नवी गाडी मिळेना, जुन्यांचे भाव चढले, आणि हप्ता वाढला. पण बघा, ही माणसं रांगेत फार काळ सापडत नाहीत. ती मिळेल ती गाडी, मिळेल त्या रंगाची, गरज पडल्यास सेकंडहँड घेऊन कामाला लागतात. सनरूफवाल्या टॉप मॉडेलची वाट पाहत वर्ष काढणं त्यांना परवडतच नाही. लांबच लांब वेटिंग बऱ्याचदा वरच्या मॉडेलांना होतं. खालची, साधी मॉडेलं पुष्कळदा त्या मानाने लवकर मिळत होती. दीड वर्ष ज्याला थांबता येतं, त्याची अडचण गाडीची नसते.

वेटिंगकरांचा खरा कस लागला तो टंचाई संपल्यावर. २०२४ मध्ये चिप आल्या, कारखाने जोरात सुरू झाले, आणि डीलरांच्या आवारात गाड्या मावेनाशा झाल्या. त्या जुलैत एक्सयूव्ही-७०० च्या वरच्या एएक्स-७ मॉडेलची किंमत कंपनीने चार महिन्यांपुरती १९.४९ लाखांपासून केली, काही व्हेरिएंटमध्ये दोन लाखांहून अधिक उतरवून. ज्यांनी पूर्ण पैसे मोजून वाट पाहिली होती त्यांना दोन लाखांचं दुःख झालंच, पण त्याहून मोठं दुःख निराळं होतं: कालपर्यंत ज्या गाडीसाठी सोसायटीत मान होता, ती आता कुणालाही लगेच मिळत होती. मग १५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी कमी होणार असं लाल किल्ल्यावरून जाहीर झालं आणि वेटिंगकरांना नवं आयुष्य मिळालं. गाड्या हव्या तेवढ्या, डीलर पाया पडायला तयार, पण आता हे थांबले! गणपती कोरडे गेले. २२ सप्टेंबरला घटस्थापनेच्या दिवशी नवे दर लागू झाले, लहान गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि सगळे एकदम शोरूमवर गेले. त्या गर्दीमुळे हव्या त्या मॉडेलला पुन्हा तारीख मिळाली. वेटिंगकरांनी ती तारीख त्याच संध्याकाळी तिघांना फोन करून कळवली. कर वाचवण्यासाठी महिनाभर थांबणं शहाणपणाचंच होतं, ते मी नाकारत नाही. पण त्या फोनमध्ये वाचलेल्या पैशांचा उल्लेख शेवटी आला आणि वेटिंगचा सुरुवातीला.

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणी वेटिंगकर असतील तर त्यांना "त्यापेक्षा दुसरी घ्या ना, लगेच मिळतेय" असं सांगायला जाऊ नका. ते तुम्हाला कायमचे टाळू लागतील. आणि तुम्हाला स्वतःला नुसती गाडीच हवी असेल तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जा. साल बदललं की उरलेली गाडी एका वर्षाने जुनी धरली जाते, म्हणून डीलर ती घाईने काढतो, घासाघीस करू देतो आणि त्याच आठवड्यात नंबरप्लेटसकट हातात देतो. रंग मात्र तो मिळेल जो वर्षभर कुणी मागितला नाही.