एसिटालोप्राम यांस अनावृत पत्र

रा. रा. एसिटालोप्राम (10 मिलिग्रॅम) यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या हजेरीबद्दल तक्रार आहे. तुम्ही उशिरा येता असं कुणी म्हणणार नाही. गोळी पोटात गेल्यापासून काही तासांत तुम्ही मेंदूत पोचता आणि सेरोटोनिन परत ओढून घेणारी दारं बंद करायला लागता. म्हणजे मस्टरवर सही पहिल्याच दिवशी होते. गुण यायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. तोवर तुमचा शिपाईवर्ग तेवढा कामाला लागलेला असतो: मळमळ, कोरडं तोंड, रात्री तीनला टक्क जाग आणि कुणाकुणाला वर थोडी जास्तीची धडधड. घाबरेपणावरच्या गोळीनेच पहिल्या आठवड्यात घाबरवावं, याला काय म्हणायचं? अनेक डॉक्टर 5 मिलिग्रॅमने सुरुवात करतात ती यासाठीच. पण हे कारण रुग्णाला सांगितलं जातंच असं नाही. तो समजतो, आपला आजार किरकोळ आहे, किंवा डॉक्टर कंजूष आहेत.

तुमची बाजूही मांडायला हवी. तुम्ही दारं बंद केलीत की सेरोटोनिन साचायला लागतं, आणि ते सोडणाऱ्या पेशींना स्वतःचे ब्रेक असतात. माल साचतोय असं दिसताच त्या काम मंद करतात. हे ब्रेक सैल पडायला आठवडे जातात, असा एक बराच मान्य खुलासा आहे. तो संपूर्ण नसेल, पण तुम्ही आळशी नाही एवढं त्यातून सिद्ध होतं. तेव्हा तक्रार उशिराची नाहीच. तक्रार अशी, की हा उशीर उपचाराचाच भाग असूनही तो कुणी लिहून देत नाही. दमेकऱ्याला जिने चढायला सांगावं तसं हे आहे. पुढे काय होणार ते ठाऊक नसताना शांत बसता येत नाही, हाच ज्याचा आजार, त्याला तुम्ही महिनाभर नेमकं तेच करायला लावता, आणि तेही न सांगता.

त्यातून गुण आला तरी तो रुग्णाला सगळ्यात आधी कळेल याची खात्री नाही. तुमच्या घराण्यातले एक थोरले, इमिप्रामिन, यांचीच गोष्ट घ्या. न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलात डोनाल्ड क्लाइन आणि मॅक्स फिंक यांनी ते अशा रुग्णांना देऊन पाहिलं, जे दिवसातून अनेकदा नर्सच्या टेबलाकडे धावत यायचे आणि ‘मी मरतोय’ म्हणायचे. तीनेक आठवडे झाले तरी रुग्ण म्हणत, काही फरक नाही. डॉक्टरांनाही फारसं काही दिसेना. फरक नर्सना दिसला: माणसं टेबलाकडे धावत यायची थांबली होती. काळजी होती, पण झटका येत नव्हता. 1962 साली क्लाइन आणि फिंक यांनी आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. ‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाला पंधराव्या दिवशी ‘नाही’ असं उत्तर आलं, तर ते खरं असूनही अपुरं असू शकतं, ते यामुळे. त्यापेक्षा घरच्यांना विचारावं: रात्री किती वेळा उठतो? छाती दुखते म्हणून या आठवड्यात कितीदा नाडी बघायला लावली?

हा सगळा मनाचा खेळ, साखरेच्या गोळीनेही झालं असतं, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी 2019 साली प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधली चाचणी आहे. तुमचे भावबंद सर्ट्रालिन आणि हुबेहूब दिसणारी खोटी गोळी, 655 माणसं, आणि कुणाला काय दिलं हे डॉक्टरला माहीत नाही, रुग्णालाही नाही. सहा आठवड्यांनी उदासीत म्हणावा तसा फरक नव्हता, चिंता मात्र कमी झाली होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: चिंतेवरचंच अल्प्राझोलाम अर्ध्या-एक तासात काम करतं, मग तुमची आराधना कशाला? ते हाकेला धावून येतं खरं, पण मुक्काम हलवत नाही. ते औषध नियमांच्या परिशिष्ट एच-1 मध्ये आहे, मेडिकलवाल्याला त्याची नोंद वहीत ठेवावी लागते, ते उगाच नाही. सुरुवातीचे थोडे दिवस डॉक्टर तुमच्या जोडीला ते देतात, यात वावगं काही नाही. घोटाळा पुढे होतो. दोन गोळ्यांपैकी एकीने गुण दिला, दुसरीने मळमळ दिली. वाट पाहायची आहे हे ज्याला कुणी सांगितलंच नाही, तो यातली कोणती चालू ठेवेल? ‘सवय लागेल’ म्हणून तुम्हाला बंद करायला लावणारे काका-मावशी त्याला अशा रीतीने नेमक्या सवयीच्या गोळीकडे ढकलतात. (तुम्हीही अगदी सोवळे नाही. एकदम सोडलं तर चक्कर, मुंग्या, चिडचिड होते. म्हणून तुम्हाला उतरवायचं ते डॉक्टरला विचारून, हळूहळू.)

आधीच सांगितलं तर रुग्ण आणखी घाबरेल, असं काही डॉक्टर म्हणतात. पण चिंतेचा रुग्ण रात्री फोनवर सगळे दुष्परिणाम वाचूनच झोपतो, किंवा झोपत नाही. तेच तोंडी ऐकलं तर निदान क्रमाने ऐकेल. ओपीडीत गर्दी असते हे मान्य, पण वाक्यं तीनच आहेत. पहिले दोन आठवडे त्रासाचे जाऊ शकतात. गुण हळूहळू येईल, गोळी मनाने बंद करायची नाही. आणि फारच तगमग झाली, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच यायचं.

एक व्यावहारिक बाब राहिली. तुमची पट्टी बहुधा दहा गोळ्यांची असते. रोज एक, म्हणजे दहाव्या दिवशी ती रिकामी होते. त्रास भरात, गुणाचा पत्ता नाही, आणि हातात चुरगळलेली रिकामी पट्टी. उपचार सोडायला याहून सोयीचा दिवस शोधून सापडणार नाही. पट्टीच्या पाठीमागे लाल अक्षरांत बरंच काही छापलेलं असतं. तिथे आणखी एक ओळ मावेल. ती अशी छापून घ्या: ‘ही पट्टी संपेपर्यंत फरक पडेलच असं नाही. दुसरी आणा.’

कळावे, लोभ असावा, आणि जमल्यास थोडा लवकर.

आपले,
पहिल्या पंधरवड्यातले समस्त रुग्ण