पोपट, संत्री आणि एचडीआर

दसऱ्याच्या सुमारास टीव्हीच्या दुकानात शिरलं की पंचवीस हजारांचा आणि पन्नास हजारांचा संच शेजारीशेजारी लावलेले असतात, आणि दोघांच्याही कपाळावर 'फोर-के एचडीआर'चा एकच टिळा. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके. ते दोन्हीकडे खरेच असतात. एचडीआरची, म्हणजे उजळ ते उजळ आणि काळं ते काळं दाखवण्याची, गोष्ट वेगळी. स्वस्त संच तो सिग्नल मुकाट्याने घेतो, पण उजेड पाडायची वेळ आली की अंगात बळ नसतं, आणि काळ्याच्या जागी राखाडी दिसतं. दुकानात हे कळू नये म्हणून पडद्यावर कायम पोपट, फुलपाखरं आणि रसरशीत संत्री. मध्यरात्रीचा खून कोणी लावत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या संचांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वाचलेल्या पैशांत आपण ताबडतोब इंच वाढवले. आणि त्यावर लावणार काय? जुन्या सेट-टॉप बॉक्समधून येणारी सासू-सुनांची मालिका! मोठ्या पडद्यावर ती आणखी स्पष्टपणे अस्पष्ट दिसते.

बातम्या नि मालिकाच बघायच्या असतील, तर स्वस्तातला घ्या. सिनेमे बघणार असाल तर महागातला. पण पैसे देण्याआधी विक्रेत्याला एखादा अंधारातला प्रसंग लावायला सांगा.